कोळंबीचा नववा दिवस

नवव्या दिवशी कोळंबीला दाढी फुटली. पांढरी, बुळबुळीत, पाण्याबरोबर हलणारी. कुंदनने टाकीच्या काचेजवळ तोंड नेऊन ती पाहिली आणि सकाळचा चहा त्याच्या घशाशी आला.

"एक तर ती जाईल, नाहीतर मी जाईन," विनिता स्वयंपाकघरातून म्हणाली. आठवडाभर ती नाकावर ओढणी बांधूनच भाकऱ्या थापत होती. समोर बायको आहे की दरोडेखोर, हे कुंदनला डोळ्यांवरून ओळखावं लागे.

"अजून पंधरा दिवस. अमोनिया शून्यावर आला की मासे."

टाकी विकताना पनवेलच्या दुकानदाराने बजावलं होतं, "भाई, आज टाकी, आजच मच्छी, असं करू नका. मरेल सगळी. आधी आत कायतरी सडू दे, एखादी कोळंबी चालेल. त्याच्यावर बॅक्टेरिया वाढतात, ते घाण खातात, मग पाणी तयार." कुंदनला यात नवीन काही नव्हतं. तळोज्याच्या एका कंपनीत, सांडपाण्याच्या प्लँटवर, तो बारा वर्षं हेच बॅक्टेरिया पोसत होता. तिथे घाण सांभाळायचा पगार मिळे, घरी शिव्या.

हे सगळं आईसाठी. ठमाबाईने चाळीस वर्षं उरणच्या बाजारात मासळी विकली. गणपतीनंतर अचानक पाटी खाली ठेवली, गुडघ्यांचं कारण सांगितलं आणि कुंदनच्या विचुंब्याच्या फ्लॅटमध्ये येऊन भिंतीकडे बघत बसली. भिंतीऐवजी मासे बघेल, असं कुंदनला वाटलं.

सडक्या कोळंबीचं घरात तिला एकटीलाच काही वाटत नव्हतं. टाकीला टेकून ती चहात बटर बुडवून खायची. ते बघूनच विनिताला उमासे येत.

"आयेला सवय हाय," कुंदन म्हणायचा.

संध्याकाळी बेल वाजली. सोसायटीचे सेक्रेटरी कृष्णकांत हातात अर्ज घेऊन उभे. मागे वरच्या मजल्यावरचे दयाराम, नाकाला रुमाल. कुंदनने दार पाठीमागे ओढून घेतलं.

"सही कर. तळोज्यावाल्यांनी परत गॅस सोडलाय. तुझ्या दारात तर फारच. तुझी खिडकी त्याच बाजूला ना?"

अर्जात 'अज्ञात विषारी वायू' असं लिहिलं होतं. आपल्याच कोळंबीबद्दल आपल्याच कंपनीविरुद्ध तक्रार करायची. कुंदनने पेन घेऊन 'कुं' लिहिला.

"गॅस कसला? मासळीचा वास आहे हा," दयाराम रुमालातून म्हणाले. "कोणाच्या तरी घरात कायतरी मेलंय."

"मग जाणकारालाच विचारू," कृष्णकांत म्हणाले. "आजी, जरा बाहेर या! केमिकल की मासळी, तुम्हीच सांगा."

कुंदनचं पेन 'कुं'वरच थांबलं. आईचं नाक त्याला माहीत होतं. बाजारात टोपलीवरचं फडकं न काढता ती सांगायची, "कालची हाय, उचल." आता ती मासळी म्हणाली की संपलं. 'कोळ्याचं घर, वास येणारच' हे ऐकावं लागू नये म्हणून विनिता बोंबीलसुद्धा खिडक्या लावून तळायची.

ठमाबाई जिन्यात आली. डोळे मिटून तिने छातीभर श्वास घेतला. दयाराम मागे सरकले.

"कंपनीचाच हाय," ती म्हणाली. "मासली अशी नाय वासत."

दोघं गेले. दार लागताच कुंदन हसत सुटला. "आये, वाचवलंस! काय खोटं बोललीस गो!"

ठमाबाई हसली नाही. "लय वास हाय का रं?"

"म्हंजे?"

"मना नाय येत. गणपतीत ताप आलेला ना, तवापास्नं कायच नाय." मग खालच्या आवाजात, "रोजच्या गिऱ्हाइकाला सडकी सुरमई दिली मी. तिनं परत आणली, सगल्यांसमोर. कुणाला बोलू नको."

कुंदनने टाकीत जाळी घातली. कोळंबी वर येता येताच सुटली, अर्धी जाळीत, अर्धी त्याच्या बोटांवर. हात लांब धरून तो मोरीकडे वळला.

"थांब. दे हकडं."

तिने तो चिकट लगदा ओंजळीत घेतला, नाकाजवळ नेला, डोळे मिटले आणि वाट बघत राहिली.

विनिता स्वयंपाकघराच्या दारात सगळं ऐकत उभी होती. तिने नाकावरची ओढणी सोडली आणि तशीच उभी राहिली.