बेचाळिसावं नाव

पाकिटातल्या चिठ्ठीवर एकच शब्द टाइप केलेला होता: लस.

नेल्वा पेरोत्तीने चिठ्ठी दोनदा वाचली, मग उलटून पाहिली. मागची बाजू कोरी होती. टेबलापलीकडे एल्बा नर्स उभी होती. बाईंचा चेहरा बघूनच ती काय ते समजली, आणि उगाचच परीक्षानळ्यांची मांडणी नीट करू लागली.

दक्षिण सांता फे प्रांतातल्या शेतकरी वसाहतींमधल्या हजारो पुरुषांना गेल्या वर्षी फेब्रुवारीत सुया टोचल्या होत्या. सोडत काढून अर्ध्यांना लस, अर्ध्यांना नुसतं निर्जंतुक पाणी. कोणाला काय गेलं, हे घेणाऱ्याला ठाऊक नव्हतं आणि टोचणाऱ्यालाही नव्हतं. प्रत्येकाच्या नावाचं बंद पाकीट कपाटात कुलूप लावून ठेवलेलं होतं. मक्याच्या काढणीत कोणी तापाने पडला आणि तो शेतातल्या उंदरांपासून येणारा तोच ताप आहे हे पक्कं झालं, की त्याचं पाकीट फोडायचं. आतापर्यंत नऊ पाकिटं फोडली होती. नऊच्या नऊ पाण्याची निघाली. दर वेळी नेल्वाला त्या माणसासाठी वाईट वाटे आणि मनाच्या एका कोपऱ्यात हायसंही वाटे. त्या हायसं वाटण्याची तिला लाजही वाटे. आज दहावं पाकीट फोडलं. निल्दो बेर्तोने, वय एकतीस, सांता बेर्ता वसाहत, वसाहतीच्या यादीत बेचाळिसावा.

निल्दोला आधी या तापातून उठलेल्यांच्या रक्तातला पिवळा द्रव सकाळीच चढवला होता. तो तापाच्या पाचव्या दिवशी आला, म्हणजे वेळेत आला. हिरड्यांमधून रक्त येत होतं, पण माणूस वाचणार होता. लशीचं मात्र सांगता येत नव्हतं. ती एकदा हरली, तर आणखी कितीदा हरेल?

नेल्वा बत्तीस वर्षांची असताना इथे आली, ती ताठ मानेने आणि नव्या बुटांनी. पहिल्या काढणीतच बुटांची वाट लागली. मक्याच्या खुंटांमधून पिंजरे लावत फिरायचं, उंदीर धरायचे, त्यांच्या रक्तात विषाणू शोधायचा. मग गिनीपिग, मग पेशींच्या बाटल्या. एका बाटलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत घालत घालत त्या विषाणूची नांगी मोडायची. तो जिवंत राहिला पाहिजे, पण त्याने मारता कामा नये, आणि शरीराने त्याला एकदा पाहिलं की कायमचं ओळखलं पाहिजे. दोन ओळींत सांगता येतं, पण त्यात तिची सव्वीस वर्षं गेली. त्यात लग्न राहिलं, आई गेली तेव्हा ती बाटल्यांपाशी होती, आणि याच प्रयोगशाळेतली तिची मैत्रीण याच तापाने गेली.

"जुने नमुने काढ," ती एल्बाला म्हणाली.

सुई दिल्यावर तीन महिन्यांनी प्रत्येकाचं रक्त घेऊन गोठवून ठेवलं होतं. निल्दोच्या नावाची कुपी तिने स्वतः तपासली. त्यात या विषाणूविरुद्धची प्रतिकारशक्ती होती, चांगली सणसणीत. मग निल्दो दवाखान्यात आला त्या दिवशी घेतलेलं रक्त तपासलं. त्यात प्रतिकारशक्तीचा मागमूस नव्हता. नेल्वाने परत तपासलं. तेच. शरीर विसरतं, पण हळूहळू विसरतं. फळा पुसावा तसं वर्षात सगळं पुसलं जात नाही.

ही दोन रक्तं एका माणसाची नव्हतीच.

ती गाडी काढून सांता बेर्ताला गेली. निल्दोचा मोठा भाऊ ओरेस्ते गोदामापुढे कापणीयंत्राच्या पट्ट्याशी झटत होता. तिला बघून त्याने हात पुसले, पेटीवर बसायला जागा केली, वाळक्या भोपळ्याच्या पेल्यात माते, म्हणजे तिकडच्या कडवट चहाची पानं, भरून वर गरम पाणी ओतलं आणि ओढायची नळी तिच्याकडे वळवून दिली.

"निल्दो कसाय, बाई?"

"जगेल. सकाळी पाव मागितला त्याने."

"मग तुम्ही अशा का बसलात?"

नेल्वाने माते संपवली आणि भोपळा परत दिला. "ओरेस्ते, गेल्या फेब्रुवारीत मी निल्दोच्या नावाने कोणाला टोचलं?"

ओरेस्तेने भोपळा पेटीवर ठेवला.

"मला," तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. निल्दोच्या बायकोच्या, मिर्ताच्या डोक्यात कोणीतरी भरवलं होतं की सुई घेतली तर मूल होत नाही. लग्नाला चार वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता. ती रडली, आणि निल्दो घरीच बसला. इकडे क्लबाच्या दिवाणखान्यात नेल्वाने फळ्यावर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवलेलं होतं, बेचाळीसपैकी एक्केचाळीस पुरुषांनी टोचून घेतलं.

"आमच्या आईला तुम्ही मरणाच्या दारातून आणलंत," ओरेस्ते म्हणाला. "म्हटलं, बाईंची यादी आमच्या घरामुळे लंगडी नको. त्याचं जाकीट घातलं, त्याचं कार्ड घेतलं आणि परत रांगेत शिरलो. तीन महिन्यांनी रक्तही तसंच दिलं."

"एल्बाने ओळखलं नाही?"

"एल्बा दंडाकडे बघते, बाई, तोंडाकडे नाही. मी दुसरा दंड पुढे केला."

"गाढव आहेस तू."

"मला वाटलं, एका रक्ताचे आहोत. काहीतरी त्यालाही पोचेल."

नेल्वाला हसू आलं. लस हरली नव्हती. ती निल्दोपर्यंत पोचलीच नव्हती.

राजधानीत चाचणीचे प्रमुख होते डॉक्टर साल्वेत्ती. तिने त्यांना फोन केला तेव्हा ते आनंदाने जवळजवळ ओरडलेच. पुरावा आहे, निल्दोचं नाव खोडून टाका, म्हणाले. नऊ विरुद्ध शून्य. नेल्वा म्हणाली, नाव खोडायचं नाही. सोडतीत ते लशीच्या रकान्यात आलं होतं, तिथेच राहील, आजारी म्हणूनच मोजलं जाईल, आणि खरं काय ते खाली टीप देऊन लिहू. सोयीचं तेवढं खोडायला लागलो तर उरलेल्यावर कोण विश्वास ठेवेल? शिवाय एकाने असं केलंय, तर आणखीही कोणी केलं असेल. वसाहतीवसाहतीत जाऊन विचारावं लागेल. साल्वेत्ती म्हणाले, तू आख्खी चाचणी बुडवशील.

"बुडाली तर बुडू दे," ती म्हणाली. "होडीला भोक दिसत असताना मी तिच्यात माणसं बसवणार नाही."

तिने फोन ठेवला. तिला निवृत्तीला दोन वर्षं होती. दुसरी चाचणी करायला आयुष्य उरलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी सांता बेर्ताच्या क्लबात एक्केचाळीस पुरुष जमले. मागे स्वयंपाकघराच्या खिडकीशी बायका उभ्या होत्या. नेल्वाने आधी निल्दोची खुशाली सांगितली. मग म्हणाली, "चूक माझी आहे. मी फळ्यावर आकडा लिहिला, आणि शेजारच्या वसाहतींत जाऊन तुमची फुशारकी मारली. त्यानंतर 'मला भीती वाटते' म्हणायची तुम्हाला सोयच उरली नाही. आता मला यादी नको. मला फक्त खरं काय ते हवंय. कोणाच्या जागी कोण उभं राहिलं?"

खुर्च्या करकरल्या. कोणी खोकलं. ओरेस्तेने हात वर केला, पण त्याचं सगळ्यांना आधीच कळलेलं होतं. त्याचा एकट्याचाच हात वर होता. आज हे गप्प बसले, तर नेल्वाचा एकही आकडा पुन्हा विश्वासाचा राहणार नव्हता.

"माझ्या जागी जावई गेला होता," मागून आवाज आला. म्हातारे अत्तीलिओ होते ते. सहा फूट उंच, बैलासारखे. "सुई दिसली की मला भोवळ येते. हे बायकोला मात्र कळता कामा नये."

"बायको इथंच उभी आहे," खिडकीतून उत्तर आलं. "आणि तिला तीस वर्षांपासून ठाऊक आहे."

सगळा दिवाणखाना हसला. त्या हसण्यात आणखी दोन हात वर झाले. चार नावं. एल्बाने टेबल मांडलं, आणि एक्केचाळीस जणांनी बाह्या वर करून पुन्हा रक्त दिलं. अत्तीलिओंनी आडवे होऊन, डोळे मिटून, बायकोचा हात धरून.

त्या हिवाळ्यात नेल्वा आणि एल्बाने सगळ्या वसाहती पालथ्या घातल्या. हात वर होत गेले. तिला भीती होती तितके नाहीत, आशा होती तितके कमीही नाहीत. काढणी संपली तेव्हा सगळ्या चुका जशाच्या तशा मोजून पाण्याच्या रकान्यात सतरा आजारी होते आणि लशीच्या रकान्यात एक. साल्वेत्तींनी तिचा अहवाल शेवटी तिच्याच शब्दांत छापायला पाठवला.

छापील अहवाल आला त्या दिवशी ओरेस्ते गावात सुटे भाग घ्यायला आला होता. निल्दो बाहेर ट्रकमध्ये बसून भोंगा वाजवत होता. ताप गेल्यापासून त्याला धीर म्हणून उरला नव्हता. ओरेस्ते प्रयोगशाळेच्या दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला. आपलं त्यात काही लिहिलंय का, असं त्याने विचारलं.

नेल्वाने शेवटून तिसरं पान काढलं आणि खालची बारीक अक्षरातली टीप त्याला वाचून दाखवली. "'एका निरोगी पुरुषाने आपल्या भावाच्या जागी दुसऱ्यांदा टोचून घेतलं. भाऊ पुढे आजारी पडला आणि बरा झाला. ही चूक चाचणी घेणाऱ्यांची मानली आहे.'"

"नाव नाही?"

"नावं लिहीत नाहीत."

"चूक माझी आहे, असंही नाही लिहिलं."

"नाही."

ओरेस्तेने हात पँटीला पुसला. यंत्राच्या तेलाने नख काळं झालेलं बोट त्याने पानावर आणलं.

"हीच ओळ का?"

"हीच."

बाहेर भोंगा पुन्हा वाजला. ओरेस्तेचं बोट त्या ओळीवर होतं, तोवर नेल्वाने पान उलटलं नाही.