टॅकेट साहेबांच्या पायाखालचा पाट

मित्रांनो, मी अक्रोडाच्या लाकडाचा, वीतभर उंचीचा एक जुना पाट आहे. अमेरिकेतल्या एका राज्याच्या राजधानीत, पत्रकार परिषदेच्या टेबलामागे माझी जागा आहे. राज्याचे मुख्य सरकारी वकील, म्हणजे अ‍ॅटर्नी जनरल, ग्लेन टॅकेट कॅमेऱ्यात ठेंगणे दिसत. ठेंगणं असणं हा काही दोष नाही. त्यांना मात्र त्याची लाज वाटे, म्हणून त्यांनी मला सुताराकडून करून घेतलं.

माझ्यावर उभं राहून त्यांनी बड्या कंपन्यांना दम दिला आणि खाली उतरून त्यांच्याशी गुपचूप तडजोडी केल्या. न्यायाची आठवण त्यांना निवडणुकीच्या वर्षी जास्त येई. वर्तमानपत्रांनी त्यांना 'लढवय्या' म्हटलं. मला त्यांचे फक्त बूट दिसत. अवघड प्रश्न आला की ते मागे सरकत.

एक प्रश्न कायम यायचा. धर्मराज नावाचे फार्मासिस्ट दरोड्याच्या गुन्ह्यात तुरुंगात होते. दरोडेखोर म्हणून त्यांना ओळखणाऱ्या एकमेव साक्षीदाराने पुढे शपथेवर सांगितलं, माझी चूक झाली. पण कोर्टाचे सगळे मार्ग संपले होते. उरली होती ती माफी. त्यांच्या पत्नी रत्नाबाई दर परिषदेला येऊन मागे उभ्या राहत.

टॅकेट म्हणत, "मला सहानुभूती आहे. पण माफी फक्त गव्हर्नर देऊ शकतात."

मग गव्हर्नर मंत्री होऊन वॉशिंग्टनला गेले. निवडून आलेल्या नव्या गव्हर्नरांचा शपथविधी तीन आठवड्यांवर होता. राज्याच्या घटनेप्रमाणे तोवर ते पद टॅकेट यांच्याकडे आलं. जुनं पदही त्यांच्याकडेच राहिलं.

त्यांचा प्रसिद्धी अधिकारी केदार नागपूरचा. तो मला उचलून नेत असताना रत्नाबाईंनी त्याला गाठलं.

"केदार, आता तरी सही करतील ना तुझे साहेब?"

"मावशी, प्रोसेस असते. गव्हर्नर आधी अ‍ॅटर्नी जनरलचं ओपिनियन मागवतात."

"आणि अ‍ॅटर्नी जनरल कोण?"

"साहेबच."

"मग स्वतःला विचारायला किती दिवस लागतात रे?"

"मी फॉलोअप करतो, मावशी."

गव्हर्नर टॅकेट यांनी एका पुलाला नाव दिलं, शाळकरी मुलांबरोबर फोटो काढले आणि भिंतीवर लावायला स्वतःचं तैलचित्र करायला सांगितलं. माफीवरचा अभिप्राय त्यांनी मागवला नाही आणि दिलाही नाही.

शपथविधीच्या दुसऱ्या दिवशी ते अ‍ॅटर्नी जनरल म्हणून पुन्हा माझ्यावर चढले. रत्नाबाईंनी मागून विचारलंच.

"मला सहानुभूती आहे," ते म्हणाले. "पण आता माझ्या हातात काही नाही."

त्या वेळी बूट हललेसुद्धा नाहीत.

दालन रिकामं झालं. सकाळपासून उभ्या असलेल्या रत्नाबाई माझ्यावर बसल्या.

"मावशी, चला, घरी ड्रॉप करतो," केदार म्हणाला.

"थांब जरा. उद्या तुरुंगात यांना भेटायला जायचंय. काय सांगायचं ते ठरवू दे."

मित्रांनो, मला पॉलिश केलं नाही तरी चालेल. वरच्या फळीवरचा डबा काढायला, बल्ब बदलायला मला खुशाल घ्या. दमलात तर बसा. पण माझ्यावर चढून कोणी उंच दिसू लागला, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याला खाली उतरवा आणि विचारा, हातात होतं तेव्हा काय केलंस?