बुडबुडा कुणी पाहिला

तेरावी खेप

भाचीने सिरिंजने नळीत हवेचा बुडबुडा सोडला आणि तर्जनी वर धरली. बुडबुडा सरकत सरकत सेन्सरपाशी आला आणि ऐटीत पुढे निघून गेला. अलार्म गप्प.

"मामा, तुझा कोड ढाराढूर झोपलाय."

मामा स्टुलावर बसून चष्मा पुसत होता. वर्कशॉप त्याचं, थेंबाथेंबाने औषध देणारा हा पंप त्याचा, आणि अलार्मचा कोडही त्यानेच बारा वर्षांपूर्वी लिहिलेला. मागच्या आठवड्यात लहान मुलांच्या वॉर्डात असाच एक बुडबुडा अलार्मला चुकवून गेला होता. सिस्टरने तो डोळ्यांनी पाहून नळी आवळली म्हणून निभावलं. तेव्हापासून वॉर्डातले सहाही पंप बंद होते. पंप सुरू करायचे की परत पाठवायचे, हे विचारायला सिस्टर अकरा वाजता फोन करणार होत्या.

"पुन्हा सोड," मामा म्हणाला.

चौदावी, पंधरावी

तेच.

सोळावी

तेच. भाचीला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. अलार्मचा नवा कोड तिने लिहून तयार ठेवला होता. मामाचा काढायचा, आपला बसवायचा. दहा मिनिटांचं काम. फक्त मामा हो म्हणत नव्हता.

"पुरावा दाखवू?" तिने वॉर्डातल्या पंपाची नोंद स्क्रीनवर आणली. "हा तो क्षण. बुडबुडा आला की चिप मेमरीतल्या या पत्त्यावर 'एक' हा आकडा लिहिते. बघ, लिहिलाय. चिपने हाक मारली, तुझ्या कोडने ओ दिली नाही."

"ही नोंद कधीपासून ठेवतेस?"

"तीन आठवडे. नोंद ठेवणारा माझा छोटा कोड सगळ्या पंपांत घातलाय. तुझ्या कोडवर लक्ष असावं म्हणून."

"मला बोलली नाहीस."

"तू नको म्हणाला असतास."

"म्हणालो असतो." मामाने चष्मा चढवला आणि स्क्रीनच्या कोपऱ्याकडे हनुवटीने खूण केली. "ती मेमरी बघायची खिडकी मिट बरं."

सतरावी ते छत्तिसावी

वीस बुडबुडे, वीस अलार्म.

भाचीने खुर्चीवर एक गिरकी घेतली. चिपमधला तो पत्ता मुलखावेगळा होता: कुणी वाचला की आपोआप शून्य होणारा. आणि तिने उघडी ठेवलेली खिडकी क्षणाक्षणाला तोच पत्ता वाचत होती. चिपने एक लिहिला रे लिहिला की खिडकी तो उचलायची, अलार्मच्या वाट्याला शून्य.

"मी टक लावून बसले म्हणून होत होतं सगळं!" ती हसली. "सुटलं की, मामा."

"इथलं सुटलं, बाईसाहेब. वॉर्डात कुठे होती खिडकी?"

मामाने जुन्या नोंदीवर बोट टेकवलं.

"हा एक तू कुठून आणलास?"

"कुठून म्हणजे? त्याच पत्त्यावरून. दर दहा मिलिसेकंदांनी माझा कोड तो वा..."

सदतिसावी

सोडलीच नाही. तिने नुसत्या आत्ताच्या वीस अलार्मांच्या नोंदी उघडल्या. वीसही शून्य. अलार्म वाजला की नोंदीत शून्य. नोंदीत एक, की अलार्म गप्प. दोघांपैकी जो आधी पोहोचेल त्याला एक मिळायचा. मामाचा कोड बहुतेक वेळा आधी पोहोचायचा. वॉर्डात त्या दिवशी तिचा पोहोचला होता. त्याने बुडबुडा पाहिला, नीट लिहून ठेवला, आणि कुणाला सांगितला नाही.

तिने सिरिंज टेबलावर ठेवली. ती घरंगळू लागली, तशी परत धरली.

अकरा वाजता

फोन वाजला. मामा हात पुढे करत हळूच म्हणाला, "जुना कोड होता, दुरुस्त केला, असं सांगतो."

भाचीने त्याच्याआधी फोन उचलला.

"सिस्टर, मी बोलतेय, मामाची भाची. चूक मामाची नव्हती, माझी होती. सापडलीय. पंप इतक्यात सुरू करू नका. दुपारी मी येते, दुरुस्त करते आणि तुमच्यासमोर पाचशे बुडबुडे सोडते. मग तुम्हीच ठरवा."

"पाचशे? अगं, माझी ड्यूटी संपेल!"

"मग पुढच्या सिस्टरना बसवा."

"बसवते. पण बदलणार काय, ते सांग. मला मुलांच्या आयांना उत्तर द्यावं लागतं."

"एकच निरोप मामाचा कोड आणि माझा कोड, दोघंही उचलायला जात होते. आता एकानेच उचलायचा आणि दुसऱ्याला सांगायचा."

"एवढंच? आम्ही ड्यूटी बदलताना रोज हेच करतो. आणि उचलणार कोण? तुझा कोड?"

भाचीने स्क्रीनकडे पाहिलं. तयार ठेवलेला कोड तिथेच होता.

"मामाचा जुना," ती म्हणाली. "माझा त्याला विचारेल."

फोन ठेवून ती वळली, तेव्हा मामा कपाट उघडून उभा होता.

"पाचशे म्हणालीस ना? एका सिरिंजने अंगठा मोडेल तुझा," तो म्हणाला आणि दुसरी शोधू लागला.