फटकडी आणि पिवळी बोट

नारळाएवढा फटकडीचा खडा.

पिवळी मोटारबोट, पुढे लिंबू-मिरची.

नैवेद्याच्या रोटांसाठी दळून आणलेलं पीठ.

कडोदऱ्याचा धाकटा दीर. त्याचं अंगण मोठं.

गुडघाभर पाण्यात न दिसणारी पावलं.

पावलं योगिताची. पांडेसऱ्यामागच्या तळ्यात ती उभी होती आणि तिच्या सासूबाई, धुरपदाबाई, काठावरून बजावत होत्या, "कानबाईले या गढूळ पानीमा आंघोळ? नही व माय! पानी निवळनं त ठीक, नहीतर कानबाई कडोदराले, धाकलाना घर!"

योगिताच्या घरी कानबाई पहिल्यांदाच बसणार होती. रविवारी बसवायची, सोमवारी वाजतगाजत तळ्यावर न्यायची, नारळाच्या त्या देवीला आंघोळ घालून परत आणायची. तिने तर अख्खी गल्ली बोलावून ठेवली होती. आता कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

"एवढंच ना?" नवरा म्हणाला. भूपेंद्र कापड रंगवणाऱ्या मिलमध्ये सांडपाण्याच्या टाकीवर होता. तिथे गाळावर हमखास औषध म्हणजे फटकडी. शनिवारी सकाळी त्याने खडा फडक्यात बांधला, तळ्यावर गिऱ्हाइकं फिरवणाऱ्या नितीनच्या पिवळ्या मोटारबोटीत बसला आणि खडा पाण्यात धरून तळ्याला फेऱ्या मारू लागला.

बोट जाईल तिथे मागे चहाच्या रंगाचा पट्टा उठत होता.

"अहो, थांबा! मोटारीचा पंखा तळ ढवळतोय!"

"अगं, फटकडीला जरा वेळ लागतो!"

"नितीनभाऊ, बंद करा ती!"

नितीनने मोटार बंद केली. दोघे बांबू रेटत काठाला आले. या वेळी मागे पट्टा नव्हता. भूपेंद्रने खडा हळूच पाठीमागे लपवला.

"सोमवारपर्यंत मोटारीला हात लावायचा नाही," योगिता म्हणाली.

"वहिनी, उद्या रविवार! माझं गिऱ्हाईक?"

"माझे पाहुणे आहेत की. बांबूने फिरवा."

"आणि बांबू मारणार कोण?"

"फटकडीवाले!"

रविवारी भूपेंद्रने दिवसभर बांबू मारला. बोटीत बसून बाया कानबाईची गाणी म्हणत होत्या, मधूनच "भो, जेवला नहीस का?" म्हणून त्याला डिवचत होत्या. नितीनचीही तक्रार राहिली नाही; काठावर रांग लागली होती.

सोमवारी ढोल थांबले. धुरपदाबाई पाण्यात उतरल्या, वाकल्या, आपल्या पायांकडे बघत राहिल्या.

"मनी जोडवी दिसी ऱ्हायनी!"

त्यांनी कानबाईला आंघोळ घातली आणि ओल्या लुगड्यानेच सुनेशी फुगडी धरली.

तळं गढूळ करणारी ती पिवळी बोट पाण्यात पहिल्यांदा उतरली, तेव्हा तिच्यापुढे नारळ धुरपदाबाईंनीच फोडला होता.