हलगीवाल्याचा खुराक

जोतीराम हलगीवाल्याला उभ्या जन्मात कुणी पैलवान म्हटलं नाही, पण जेवायला मात्र तो तीस वर्षं पैलवानांच्याच पंगतीला बसला. विट्याच्या आसपासच्या गावांत कुस्त्यांचं मैदान म्हटलं की हलगी जोतीरामची आणि तिच्या साथीला घुमणारं घुमकं कोंडीबाचं, हे ठरलेलं. मैदान संपलं की गाववाले पैलवानांना घरी न्यायचे, आणि ज्याच्या हलगीनं मैदान पेटलं त्याला मागं कसं ठेवायचं? मग मटणाचा रस्सा, वर तुपाची धार, शेवटी बदामाची थंडाई. जोतीराम मांडी ठोकून बसायचा आणि पैलवानाला लाजवेल असा जेवायचा.

त्याचं म्हणणं असं, की चार चार तास उभं राहून हलगी वाजवणं ही काय कमी मेहनत आहे? ऐकणाऱ्याला ते पटायचंही. पण घोडं पेंड खात होतं ते वेगळ्याच ठिकाणी. पैलवान दुसऱ्या दिवशी पहाटे उठून हजार बैठका काढायचे, आणि जोतीराम उन्हं वर येईपर्यंत सोप्यातल्या बाजल्यावर घोरत असायचा. त्यात त्याची लेक पल्लवी कुस्ती खेळायला लागली. तिचा खुराक घरात सुरू झाला, तशी जोतीरामची बायको मंगल थंडाईचे दोन पेले करायला लागली. एक पैलवानाचा, दुसरा पैलवानाच्या बापाचा.

पन्नाशीला जे व्हायचं ते झालं. वजन नव्वदच्या पुढं गेलं, रक्तात साखर निघाली, उजवा खांदा आखडला आणि चार पायऱ्या चढला की माणूस धापा टाकायला लागला. तरी तो ताकास तूर लागू देत नव्हता. मागच्या वर्षी गावच्या यात्रेच्या मैदानात मात्र सगळं उघडं पडलं. शेवटची कुस्ती ऐन रंगात होती. विसाव्या मिनिटाला जोतीरामचा दम तुटला आणि हात थांबला. कोंडीबाचं घुमकं थोडा वेळ एकटंच वाजलं आणि तेही गप झालं. एकमेकांना भिडलेल्या दोन्ही पैलवानांनी पकड सैल करून त्याच्याकडं माना वळवल्या. हजारो माणसं बसलेली आणि कुठं चिटपाखराचा आवाज नाही, असं ते झालं होतं.

दसऱ्याला कुस्ती कमिटीचा अध्यक्ष दिग्विजय घरी आला, चहा प्याला आणि खाली बघत म्हणाला की यंदा स्पीकरवर हलगीची रेकॉर्ड लावायचं चाललंय. जोतीरामनं तेही गिळलं असतं. पण यंदा गावात पहिल्यांदाच मुलींची कुस्ती लागणार होती, आणि ती पल्लवीची होती. सगळ्या मुलखाच्या पैलवानांना वाजवून उठवलं आणि पोटच्या पोरीच्या कुस्तीला रेकॉर्ड वाजणार, हे काही त्याच्या घशाखाली उतरेना. त्यानं दिग्विजयचे हात धरले. शेवटी ठरलं, की जोतीरामनं पहिल्या जोडीपासून वाजवायचं; पण कुस्ती चालू असताना हात थांबला, की तिथंच स्पीकर सुरू होणार आणि जोतीरामची हलगी कायमची खुंटीला लागणार.

दिग्विजय गेला आणि पल्लवीनं बापाला ताब्यात घेतलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्याच होत्या, शिवाय चालायला आणि तोंड आवरायला सांगितलं होतं. ते जोतीरामनं दवाखान्याच्या पायरीवरच सोडून दिलं होतं. आता मात्र गाठ पैलवानाशी होती. पहाटे पाचला ती त्याला कालव्याच्या कडेनं चालवायला न्यायची. पहिल्या दिवशी तो तिसऱ्या मोरीवर बसला आणि मला इथंच राहू दे म्हणाला. खांद्यासाठी तिनं त्याला भिंतीसमोर उभा केला, बोटांनी भिंत चढत हात जितका वर जाईल तितका न्यायचा. मंगल रोज तिथं कोळशानं रेघ ओढायची. दाराच्या चौकटीला सायकलची जुनी ट्यूब बांधून मनगटानं ओढायची, तो वेगळाच जाच. हलगीसुद्धा तिनं त्याला नव्यानं शिकवली म्हणायची. आधी सावकाश अर्धा तास, मग पाणी, मग विसावा, मग चढती लय. ताटात ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, मेथी, दोडका आणि ताक. थंडाईचा दुसरा पेला बंद.

कोंडीबानं त्याला कालव्यावर बघितलं आणि विचारलं, "जोत्या, म्हातारपणी कुस्ती धरतूस का काय रं?" जोतीरामला बोलायला दम नव्हता म्हणून कोंडीबा वाचला.

दोन महिन्यांत कोळशाची रेघ वीतभर वर गेली. तिसऱ्या मोरीवर बसणारा माणूस आता पुलापर्यंत जाऊन परत यायला लागला. मंगल शेजारणीला सांगत सुटली, की आमच्या मालकांचं घोरणं बंद झालंय, आता मलाच झोप लागत नाही.

पण जित्याची खोड ती. यात्रेला तीन आठवडे राहिले असताना मेढ्याच्या बाजूला एका मैदानाची सुपारी आली. पल्लवीनं दोन भाकऱ्या आणि उसळ फडक्यात बांधून दिली. मैदान झालं, जेवायची वेळ आली, जोतीरामनं गाठोडं सोडलं आणि यजमानाचं तोंड उतरलं. पाव्हण्यानं आमच्या दारात घरची भाकरी खायची, म्हणजे आमची अब्रू काय राहिली, असं तो म्हणाला. जोतीरामला ते खरं वाटलं, आणि खरं सांगायचं तर खरं वाटावं अशी त्याची फार इच्छा होती. त्यानं मटणाचा एक घास घेतला. मोडलाच आहे नेम तर आता कसली कंजुषी, म्हणून मग वाटीमागून वाटी रस्सा झाला आणि त्यावर बासुंदी. दुसऱ्या दिवशी पल्लवीनं विचारलं तेव्हा त्यानं डोळ्याला डोळा न भिडवता सांगितलं, की भाकरी खाल्ली. पण मंगलनं धुवायला फडकं सोडलं तर आत दोन्ही भाकऱ्या वाळून तशाच.

पल्लवीनं त्या बघितल्या आणि ती तालमीला निघून गेली. संध्याकाळी मंगलनं थंडाईचा पेला तिच्यापुढं ठेवला, तो तिनं बाजूला सारला. दूध नाही, तूप नाही, बदाम नाही. बापाच्या ताटात जेवढं, तेवढंच तिनं स्वतःच्या ताटात वाढून घेतलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. दिवसाला पाच तास मेहनत करणारी पोर भाकरी आणि दोडक्यावर राहिली. तिसऱ्या संध्याकाळी तालमीतून तिच्या वस्तादांचा फोन आला, की पोरीच्या पायात जोर नाही, घरी काय चाललंय?

जोतीराम तिच्यासमोर जाऊन बसला. थंडाईचा पेला त्यानं तिच्यापुढं धरला.

"पी गं पोरी. माजी चूक झाली."

"आबा, तुमी मटण खाल्लं त्याचं काय न्हाई," पल्लवी म्हणाली. "पर मला खोटं सांगितलंत. मला वाटलं, ह्या मैदानात आमी दोघं उतरणार. तुमी उतरणारच नसाल तर मी एकटीनं तरी कशापायी खुराक खायचा?"

मैदानात हात थांबला तेव्हाही त्याला इतकी लाज वाटली नव्हती. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि यात्रेपर्यंत पोटात काय काय जाईल ते मोजून सांगितलं. पल्लवीनं पेला रिकामा केला. त्यानंतर जोतीराम पहाटे तिच्या आधी उठायला लागला.

यात्रेच्या मैदानाला दुपारी तीनला सुरुवात झाली. दिग्विजयनं स्पीकर मांडून ठेवला होता आणि शेजारी एक माणूस बसवला होता. जोतीराम पहिल्या जोडीपासून वाजवत राहिला, मधे पाण्याचे घोट घेत, खांदा मोकळा करत. पाच वाजून गेले तरी हात चालत होता. मग पल्लवीचं नाव पुकारलं. तिची जोड सांगलीकडची ब्राह्मी, जैन शेतकऱ्याची लेक. ही पोरगी मटणाशिवाय पैलवान कशी झाली, अशी कुजबुज झाली. दुधाबदामावर झाली, हे पहिल्याच पकडीत सगळ्यांना कळलं.

हलगीवाल्याचा एक धर्म असतो. हलगी कुणाच्या बाजूची नसते. ज्याची पकड बसेल त्याच्यासाठी लय चढवायची, मग तो आपला असो की परका. दहा मिनिटं झाली, बारा झाली. पल्लवीनं एकदा ब्राह्मीला खाली घेतलं तेव्हा जोतीरामची हलगी आभाळाला भिडली. पण ब्राह्मी सुटली, फिरली, आणि पल्लवीचा पाय आणि मान एकत्र कवेत घेऊन तिनं झोळी बांधली. पोरगी आता सुटत नाही, हे गावाच्या आधी जोतीरामला दिसलं.

त्याच क्षणी त्याच्या मनात ते आलं. मागच्या वर्षी हात थांबला तेव्हा दोघांची पकड ढिली झाली होती. आता थांबला तर पोर निसटेल. दम लागला म्हणेन, कोण खोटं म्हणणार? पण त्याच्या छातीत दम होता. खांदा हलका होता, मनगट मोकळं होतं, आणि हे सगळं पल्लवीनंच त्याच्या अंगात घातलं होतं. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या आणि जोतीरामनं लय चढवली. आयुष्यात वाजवली नव्हती इतक्या तयारीनं त्यानं ती वाजवली. कोंडीबानं चमकून त्याच्याकडं बघितलं आणि घुमकं त्याच्यामागं पळवलं. पल्लवीचे दोन्ही खांदे मातीला लागले.

ती उठली, ब्राह्मीला तिनं मिठी मारली आणि मातीनं भरलेल्या अंगानं सरळ बापासमोर येऊन उभी राहिली. जोतीरामला तिच्याकडं बघवेना.

"पोरी, तुज्या हरण्यावर वाजवली गं मी."

"मी खाली असताना ऐकत हुते आबा," ती म्हणाली. "वाटलं, आता माज्यासाठी तुमी हात थांबवताय. थांबवला असता, तर मी पुन्यांदा मातीत उतरले नसते."

तिनं त्याच्या पायाला हात लावला. त्यानं तिला उठवून छातीशी धरलं, तेव्हा हलगी दोघांच्या मधे आली. तिकडं दिग्विजयनं स्पीकरपाशी बसलेल्या माणसाला घरी जायची खूण केली. पंचांनी पुढची जोडी पुकारली. अजून तीन कुस्त्या बाकी होत्या. जोतीरामनं बाहीनं डोळे पुसले, कोंडीबाकडं मान हलवली आणि वाजवायला सुरुवात केली.