बारबेचं वाकणं

वर बघा. अजून वर. हां, मीच बोलतेय, बारबे! मान अवघडली तर माझ्याकडे तक्रार करू नका, उत्सवाला तुम्ही आपण होऊन आलात.

शेल्ड नदीकाठच्या टोपलीवाल्यांनी मला वाळुंजीच्या ओल्या फोकांनी विणलं. डोकं लाकडी, गाल रंगवलेले, उंची माडीच्या वर. आमच्या शहराच्या मिरवणुकीत अशा अवाढव्य बाहुल्या पुष्कळ, पण नाचणारी मी एकटी. म्हणजे मी कुठली नाचतेय! कुणीतरी माझ्या घागऱ्यात शिरून चौकट खांद्यावर घेतं आणि पोटाजवळच्या फटीतून रस्ता बघतं. टाळ्या मला, घाम त्याला. जगाची रीतच आहे ती.

माझा आतला माणूस म्हणजे आकिएल. तरणाबांड होता तेव्हापासून केस पिकेपर्यंत त्यानंच मला नाचवलं. चढ लागला की पुटपुटायचा, "चल गं म्हातारे, वर गेल्यावर बिअर आहे." प्यायचा एकटाच, लबाड! तरी मला त्याचा राग आला नाही कधी.

आमच्यात एक रिवाज आहे. मी कुणापुढे वाकत नाही, महापौरापुढेसुद्धा नाही. एकतर तोंडावर आपटायची भीती. पण जो मला उचलायचं सोडतो, त्याच्या दारात जाऊन मी एकदाच वाकते. त्यानंतर तो मोकळा.

आकिएलचे गुडघे गेले, जिना उतरणंही बंद झालं. चौकट त्याच्या लेकीनं, लुटगार्टनं, खांद्यावर घेतली. आणि नेमक्या त्याच वर्षी उत्सव समितीनं रस्ता बदलला. पाहुण्यांसाठी मोठ्या चौकात बाकं मांडली आणि चांभारगल्ली वगळली. आकिएलचं घर त्याच गल्लीत.

समितीचे अध्यक्ष बाल्डेविन मला ठेवतात त्या कोठारात मला बघायला आले, तेव्हा लुटगार्टनं त्यांना तिथंच गाठलं.

"अगं, गल्ली केवढीशी! पाहुणे उभे कुठे राहणार?"

"पाहुण्यांचं कोण बोलतंय, काका? बाबा आत्तापासून खिडकीत खुर्ची लावून बसलेत."

"पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी तुम्ही असाल हो. ते असतील का?"

पण बाल्डेविननी नवा रस्ता काही मागे घेतला नाही.

मिरवणुकीच्या दिवशी बँडवाले चौकाकडे वळले. लुटगार्ट थबकली. मग अगदी बापाच्या सुरात म्हणाली, "चल गं म्हातारे," आणि वळली ती थेट चांभारगल्लीत! मागून बाल्डेविन ओरडताहेत, बेकरीच्या पाटीला अडकून माझी बाही टरकन फाटली, आणि हाही कार्यक्रमच समजून पाहुणे फोन उंचावून आमच्या मागे.

माडीच्या खिडकीत आकिएल होता, गळ्यात तोच जुना लाल रुमाल. मला बघून रडेल असं वाटलं होतं. तो आधी खेकसला.

"अगं कार्टे, डावा खांदा पाडू नकोस! आपटशील तिला!"

"बाबा, मला नुसती भिंत दिसतेय. किती वाकू?"

"अजून... अजून थोडं... बास!"

माझं कपाळ खिडकीला टेकलं. माझ्या गालावर हात फिरवत तो म्हणाला, "रंग उडालाय गं हिचा." आणि मग मात्र तो ढसाढसा रडला. मला रडता येत नाही, नाहीतर मीही रडले असते.

त्या हिवाळ्यात आकिएल गेला.

पाहुण्यांना ते वाकणं इतकं आवडलं, की बाल्डेविननी पुढच्या वर्षीपासून ते कार्यक्रमपत्रिकेतच छापलं. एकदाच वाकायचं म्हणून होतं, आता दरवर्षी वाकते, बंद खिडकीपुढे. लुटगार्टनं नाही म्हटलं नाही.

तुम्ही टाळ्या खुशाल वाजवा. एवढ्या लांबून आलात, वाजवायलाच हव्यात. फक्त मी वाकत असताना क्षणभर गप्प राहा. तेव्हा आत लुटगार्ट हळूच विचारत असते, "बाबा, किती वाकू?" आणि वरून कुणी "बास" म्हणतंय का, ते ऐकत असते.