महालक्ष्म्या निघाल्या कॅनडाला

रोहण्याला आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात तेव्हा नैवेद्याच्या सोळा भाज्या मी चिरते. लग्न होऊन बोरगाव मेघेला गेले, दोन लेकरांची आई झाले, तरी विळी माझ्याच पुढ्यात. भेंडी, दोडकी, चवळीच्या शेंगा, कोहळं, चिरता चिरता कंबर धरते. आणि सारं कोणासाठी? आमच्या प्रफुलसाठी. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघींचे पितळेचे मुखवटे आईला तिच्या सासूनं दिले, आई ते तिच्या सुनेला देणार. लेकीला देत नाहीत, लेक दुसऱ्या कुळाची. मला याचा राग येतो आणि तो मी लपवतही नाही.

प्रफुल माझा धाकटा भाऊ. कॉलेजच्या नावानं कॅनडाला गेला, मग कामाचं परमिट मिळालं, मग इथं येऊन लग्न केलं आणि मयुरीला घेऊन गेला. दोन वर्षांपूर्वी त्याचा फोन आला, "बाबा, पक्कं झालं. आता आम्ही इथलेच." बाबांनी बसस्टॉपपासून देवळापर्यंत पेढे वाटले. तेव्हापासून आमच्या घराला कोणी महादेवरावांचं घर म्हणत नाही, कॅनडावाल्याचं घर म्हणतात. बाबांना ते फार गोड लागतं.

यंदा आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिनं प्रफुलला फोनवर सांगून टाकलं, "आता मायाकडून होत नाई बाप्पा. तुयं तिकडे घर झालं, तर येऊन महालक्ष्म्या घेऊन जाय." आमच्या घरची रीत अशी, की स्वतःची चूल आणि स्वतःचा उंबरठा असलेल्या सुनेलाच मुखवटे द्यायचे. आणि एकदा ते दुसऱ्या घरी गेले की जुन्या घरी पुन्हा कधीच बसवायचे नाहीत. रोहण्यातली ही शेवटची महालक्ष्मी म्हणून आईनं सारं गाव जेवायला सांगितलं.

प्रफुल आणि मयुरी आले. प्रफुलचा शर्ट खांद्यावरून ओघळत होता. मी म्हटलं, "काऊन रे, तिकडे जेवत नाई का?" तो हसला आणि जिम लावली म्हणाला. जिमनं माणूस असा होत असेल तर आमच्या गल्लीतले सगळे म्हातारे जिमला जातात म्हणायचे!

नैवेद्याच्या दिवशी अंगणात पंगतीवर पंगती उठल्या. पुरणपोळी, आंबील, कढी, वडे. शेजारचे बंडूजी तुपाची वाटी रिकामी करत ओरडले, "काय महादेवराव, आता देवीलेबी व्हिसा लागन!" सगळी पंगत हसली. बाबा तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. प्रफुल वाढत होता, तो तेवढा हसला नाही.

दुपार कलली तेव्हा मी आणि मयुरी मागच्या अंगणात मोठी पातेली घासायला बसलो. ती इतक्या सफाईनं घासत होती की मी चिडवलं, "कॅनडात हेच शिकलीस वाटतं!"

तिचा हात थांबला. "हो ताई," ती म्हणाली. "गुरुद्वाऱ्यात घासतो आम्ही दोघं. रोज संध्याकाळी तिथंच जेवतो ना. नुसतं जेवून उठायची लाज वाटते."

मला आधी कळेचना. मग तिनं सगळं सांगितलं. पक्कं कधी झालंच नव्हतं. प्रफुलची कंपनी गेल्या हिवाळ्यात बंद पडली. परमिट या डिसेंबरात संपतं. एका घराच्या तळघरात पडदा लावून दोन जोडपी राहतात. उदबत्ती लावली तर धुराची घंटा वाजते आणि घरमालकीण दारात येऊन उभी राहते. "देवीला बसवू कुठं, ताई? आमचं अंथरूणच दिवसा गुंडाळून ठेवावं लागतं."

मी हात तसेच राखेचे घेऊन उठले आणि प्रफुलला गोठ्यामागं गाठलं.

"तुले काही अक्कल हाय का?"

त्यानं माझ्यामागून आलेल्या मयुरीकडे पाहिलं आणि समजून गेला. खाली बसला. "बाबा रोज विचारत होते, ताई. गावातले लोकं विचारून राह्यले म्हणे, तुया पोराचं झालं का नाई. एक दिवस बोलून गेलो, झालं म्हणून. वाटलं, महिन्याभरात होऊनच जाईन."

"आणि मुखवटे?"

"नेतो ना. बॅगेत राहतीन. तिकडचं आईले काय दिसते?"

"आईले नाई दिसत. पण बसवतो म्हणून घेतल्या आणि बसवल्याच नाई तर? इथं बसवता येत नाई, तिथं बसवत नाई. मग त्या राह्यतीन कुठं?"

तो गवताची काडी मोडत राहिला, लहानपणी मार खाल्ल्यावर बसायचा तसाच. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. एवढंच म्हटलं, "उद्या देवी निघायच्या आधी आईले सांग. तू सांग, मी नाई सांगत."

त्यानं सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी आरती झाली. आईनं अक्षता टाकून दोन्ही मुखवटे जागेवरून हलवले. हलवले म्हणजे देवी निघाल्या. दरवर्षी या वेळी आई रडते आणि मुखवटे पुसून पेटीत ठेवते. यंदा तिनं ते मांडीवर घेतले आणि मयुरीला समोर पाटावर बसवलं. मयुरीची नारळानं, तांदळानं ओटी भरली. मग घरच्या रीतीचा प्रश्न विचारला, तिच्या सासूनं तिला विचारला होता तो.

"महालक्ष्म्या कोणाच्या घरी जातात?"

सुनेनं म्हणायचं असतं, माझ्या घरी. मयुरीनं पदर पसरला होता. ओठ हलले, आवाज निघाला नाही. आईला वाटलं, पोरगी लाजली. तिनं हसून पुन्हा विचारलं. प्रफुल मागून हळूच म्हणाला, "बोल ना."

मयुरीनं पदर आवरून घेतला. "आई, आम्हाला घर नाही," ती म्हणाली. "महालक्ष्म्यांसमोर मी खोटं नाही बोलू शकत."

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. प्रफुल भिंतीला टेकून सांगत होता, अडखळत. बाबांनी चष्मा काढला. त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे, "आता मी गावाले काय सांगू?" माझा संताप झाला. पोरगा समोर वाळून उभा आहे, आणि यांना गावाची पडली आहे! मी बोलणारच होते, पण आईनं हात वर केला.

तिनं प्रफुलला जवळ बोलावलं. "तिथं गुरुद्वाऱ्यात बसवून वाढते का उभ्यानं?"

"बसवून वाढते, आई. पंगतच असते."

"पोटभर?"

"हो. मागितलं तर पुन्हा वाढते."

"वाढणाऱ्याचं भलं होवो," आई म्हणाली. मग तिचा आवाज फुटला. "काल मी सारं गाव जेवू घातलं रे. तुया नावानं घातलं." ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिच्या हाताला हाडं लागत असतील.

"आता इथंच राह्य," बाबा खालच्या आवाजात म्हणाले.

प्रफुलनं मान हलवली. "डिसेंबरपर्यंत परमिट हाय, बाबा. एका ठिकाणी बोलणं सुरू हाय. पाहतो एकदा. असा कसा परत येऊ?"

मयुरी तशीच पाटावर बसून होती. ती ओटी परत काढायला लागली तेव्हा आईनं तिचा हात धरला. "ओटी राहू दे. ते देवीनं नाई, मी देल्ली."

तेवढ्यात फाटक वाजलं. बंडूजी आणि त्यांची बायको निरोपाच्या हळदीकुंकवाला आले होते, मागं गल्लीतल्या आणखी दोघीतिघी. बंडूजी ओसरीवर चप्पल काढता काढताच म्हणाले, "काय वहिनी, गेल्या का मंग महालक्ष्म्या कॅनडाले?"

बाबांनी मान खाली घातली. मी मनात म्हटलं, आता सुटेल हे सारं. आई म्हणेल, नाही गेल्या, इथंच आहेत, पुढच्या वर्षी या जेवायला. लाज वाटेल चार दिवस, मग लोक विसरतील. मुखवटे तर घरातच राहतील.

आईनं मांडीवरचे मुखवटे पदराखाली घेतले. प्रफुलकडे एकदा पाहिलं.

"गेल्या," ती म्हणाली. "सुनेनं पदरात घेतल्या."

बायकांनी मयुरीला कुंकू लावलं, नशीबवान म्हटलं. मयुरी दगडासारखी बसली होती. प्रफुल उठून मागच्या अंगणात गेला, आणि मला त्याचं रडणं ऐकू आलं. ते इतरांना ऐकू जाऊ नये म्हणून मी मुद्दाम कपबशा वाजवल्या.

सगळे गेल्यावर मी आईसमोर बसले. "हे काय केलंस तू? आता या घरात पुन्हा बसवता नाई येत. लोकं पाहतीन."

"माहीत हाय मले." ती मुखवटे मऊ लुगड्यात गुंडाळत होती. आधी ज्येष्ठा, मग कनिष्ठा. "त्याले तोंड घेऊन जाऊ दे तिकडे. परत आलाच तर तोंड घेऊन येऊ दे."

"आणि पुढच्या वर्षी?"

तिनं पेटीला कडी घातली. 

"पुढच्या वर्षी ते तीन दिवस मी तुयाकडे येतो, रक्षा," ती म्हणाली. "इथं राह्यलो तर मले सहन नाई होणार."

मी ये म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते!